ठाणे कोणी सोडले?

संकटाच्या वेळी आपली जागा सोडून जाणाऱ्या सरकारी नोकराविषयी लोकमत फार कठोर असते, आणि ते तसे असण्यात वावगे काही नाही. ज्याच्या अंगावर वर्दी आहे, ज्याला लोकांच्या पैशातून वेतन मिळते आणि ज्याच्या भरवशावर शेकडो घरे रात्री निर्धास्त निजतात, तोच ऐन पुराच्या वेळी दिसेनासा झाला तर त्याची गय करा असे कोण म्हणेल? परंतु लोकमताचा एक दोष असा की, एकदा अपराधी हाती लागला म्हणजे त्याचे समाधान होते. ज्यास उभे केले त्याने जागा सोडली एवढे सिद्ध झाल्यावर, ज्याने त्यास तेथे उभे केले त्याने स्वतः काय केले, हा प्रश्न विचारण्याचे त्यास स्मरण राहत नाही. अमेरिकेतील न्यू ऑर्लिन्स शहरी २००५ साली जे घडले त्याचा विचार या दृष्टीने करणे आम्हांस अगत्याचे वाटते. त्या गोष्टीस दोन दशके लोटली. चौकश्या झाल्या, खटले झाले, निकाल लागले. तेव्हा रागलोभ बाजूस ठेवून आता तिजकडे पाहता येईल. शिवाय त्याच वर्षी, त्याच्या जेमतेम महिनाभर आधी, २६ जुलै रोजी सांताक्रूझ येथे एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळून आमची मुंबई बुडाली होती. तेव्हा ही गोष्ट परक्यांची म्हणून सोडून देण्याजोगी नव्हे.

हकीकत थोडक्यात अशी. न्यू ऑर्लिन्स हे शहर मिसिसिपी नदी आणि पाँचरट्रेन सरोवर यांच्या बेचक्यात वसले असून त्याचा बराच भाग समुद्रसपाटीच्या खाली आहे. बांध, भिंती आणि पंप यांच्या जोरावरच ते कोरडे राहते. २८ ऑगस्ट रोजी, रविवारी, महापौरांनी सर्वांनी शहर सोडावे असा सक्तीचा हुकूम काढला. ज्यांच्यापाशी गाडी व पैसा होता ते गेले. ज्यांच्यापाशी नव्हता ते राहिले, आणि ते बहुतेक गरीब, वृद्ध, आजारी व कृष्णवर्णीय होते. दुसऱ्या दिवशी सकाळी कतरिना नावाचे चक्रीवादळ लुइझियानाच्या किनाऱ्यावर आदळले. कालव्यांच्या भिंती जागोजाग फुटल्या आणि शहराचा सुमारे ऐंशी टक्के भाग पाण्याखाली गेला. या भिंतींचे काम अमेरिकन लष्कराच्या इंजिनिअर खात्याचे. त्यांच्या रचनेतच दोष होता हे त्या खात्याने २००६ साली स्वतःच कबूल केले. वादळाने घेतलेल्या बळींची एकंदर संख्या पुष्कळ वर्षे १,८०० च्या वर सांगितली जात असे. तेथील चक्रीवादळ केंद्राने २०२३ साली फेरतपासणी करून ती १,३९२ अशी धरली.

या प्रलयात शहरच्या पोलीस दलाची अवस्था काय झाली? मुख्य कचेरी पाण्यात गेली, गाड्या पाण्यात गेल्या, बिनतारी संदेशयंत्रणा मुकी झाली. एका ठाण्याची खबर दुसऱ्या ठाण्यास नाही, आणि वरिष्ठाचा हुकूम कनिष्ठास पोहोचण्याची सोय नाही. शहराच्या नोकराने शहराच्या हद्दीतच राहावे असा तेथे नियम होता. त्यामुळे शिपायाने जे शहर राखावयाचे त्याच शहरात, त्याच पाण्यात, त्याचे स्वतःचे घरही होते. पुष्कळांची घरे बुडाली. बायकामुले कोठे आहेत, निघाली की अडकली, जिवंत आहेत की नाहीत, हे कित्येकांस कित्येक दिवस कळले नाही. पहिल्या आठवड्यातच दोघा पोलिसांनी आत्महत्या केली.

आता पळालेल्यांचा हिशेब पाहू. सप्टेंबरच्या आरंभी चारशे ते पाचशे पोलिसांचा पत्ता नाही असे खात्याच्याच वरिष्ठांकडून सांगण्यात आले आणि ती वार्ता जगभर गेली. महिनाअखेर शोध करता आकडा २४९ वर आला. सुमारे १,७०० च्या दलात हे प्रमाण शेकडा पंधरा पडते. त्याच सुमारास पोलीसप्रमुखांनी राजीनामा दिला. ऑक्टोबरअखेर जागा सोडल्याच्या आरोपावरून प्रत्यक्ष बडतर्फ झाले ते ५१, आणि त्यांतही पोलीस ४५ व बिनवर्दीचे नोकर सहा. काहींनी राजीनामे दिले, काहींस कमी शिक्षा झाल्या. पाचशे, अडीचशे, एक्कावन्न अशी ही उतरती भांजणी आहे. पहिला आकडा साऱ्या जगाने ऐकला; शेवटचा फार थोड्यांच्या कानी गेला. आम्ही वृत्तपत्रवालेही या दोषाचे वाटेकरी आहोत, हे येथे कबूल केलेले बरे.

मधल्या आकड्यांत कोण होते हेही पाहण्याजोगे आहे. काही पोलीस स्वतःच आपल्या घराच्या छपरावर बसून सुटकेची वाट पाहत होते. काहींचा ठाण्याशी संबंध तुटला होता. काही बायकामुलांस दूरच्या गावी पोहोचवून परत आले. आणि काही गेले ते गेलेच. या सर्वांस एकच शब्द लावण्यात आला. जो मनुष्य पाणी चढण्यापूर्वीच सामान बांधून निघून गेला आणि पगाराच्या दिवशी परतला, त्याची वकिली आम्ही करीत नाही. त्यास काढले हे योग्यच झाले. त्याच्या जागी त्याच्या सोबत्यास दुप्पट वेळ उभे राहावे लागले, आणि त्या सोबत्याचेही घर बुडालेलेच होते. दलातील शेकडा पंच्याऐंशी माणसे राहिली ही गोष्ट आम्हांस शेकडा पंधरा गेली या गोष्टीहून अधिक नवलाची वाटते. तिचे कारण शोधण्याचे श्रम मात्र कोणी फारसे घेतले नाहीत.

येथे आम्हांस एक उत्तर ठरलेले मिळेल. आमच्या महाराष्ट्रात लहान मुलासही ते पाठ आहे: आधी लगीन कोंडाण्याचे, मग रायबाचे. तानाजी मालुसऱ्याने पोराचे लग्न टाकले आणि गड घेतला; मग आजच्या शिपायास घराची ओढ का असावी? हा दाखला देणाऱ्यांस आमचे नम्र सांगणे असे की, तो त्यांनी अर्धाच वाचला आहे. रायबाचे लग्न लांबणीवर पडले होते. रायबा पाण्यात बुडत नव्हता. शिवाय तानाजी पडल्यावर महाराजांनी स्वतः उमरठ्यास जाऊन ते लग्न लावले असे परंपरा सांगते. परंपरेने ही दुसरी गोष्ट पहिलीइतकीच जपून ठेवली, यात आमच्या पूर्वजांचे शहाणपण दिसते. ज्याने प्राण मागितला त्याने घर पत्करले, असा तो करार आहे. आम्ही करारातील एक बाजू शाळेत शिकवितो आणि दुसरी विसरतो.

सैनिकाचा दाखला पोलिसास लावतानाही हीच चूक होते. सैनिक रणांगणावर असतो तेव्हा त्याचे घर बहुधा शेकडो कोसांवर सुरक्षित असते. त्याच्या मनात मृत्यूचे भय असेल, पण आपण येथे उभे असता तिकडे आपले मूल बुडत आहे हे भय नसते. पुरात आणि भूकंपात पोलीस, बंबवाला, दाई, डॉक्टर, पंपावरचा मजूर यांचे घर हेच रणांगण असते. लुइस किलियन नावाच्या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने १९५२ साली या प्रश्नावर एक निबंध लिहिला. १९४७ साली टेक्सास सिटी या बंदरात जहाजाचा भयंकर स्फोट झाला होता. तेथील, तसेच तुफानाने उद्ध्वस्त झालेल्या ओक्लाहोमातील गावांतील लोकांस विचारपूस करून त्याने असे दाखविले की, घर आणि काम यांची ओढ एकाच वेळी लागली असता बहुतेक माणसे प्रथम घराकडे वळतात. त्यातच एका पोलिसाची गोष्ट आहे. हा गृहस्थ स्फोटापासून पुढे बहात्तर तास जागेवरून हलला नाही. त्याच्या या निष्ठेचे कारण काय म्हणाल, तर त्या दिवशी त्याची बायकामुले परगावी गेलेली होती! पुढे १९६३ साली ओहायो स्टेट विद्यापीठात आपत्तींच्या अभ्यासाचे केंद्र निघाले. तेथील पंडितांनी किलियनचे म्हणणे जसेच्या तसे मान्य केले नाही. कामाची ठरलेली जागा असलेला मनुष्य ती सहसा सोडत नाही, असे त्यांच्या पाहणीत आले. आम्हांस या दोन मतांत फारसा विरोध दिसत नाही. माणूस जागा सोडीत नाही. परंतु मन जागेवर राहण्यास घरची खबर लागते.

न्यू ऑर्लिन्सच्या पोलिसांची प्रकृती वादळानंतर दोन महिन्यांच्या आत सरकारी आरोग्यखात्यामार्फत तपासण्यात आली. ९१२ पोलिसांपैकी शेकडा एकोणीस जणांत भयंकर आघातानंतर जडणाऱ्या मनोविकाराची लक्षणे आढळली, तर शेकडा सव्वीस जणांत खोल खिन्नतेची. या खिन्नतेचा संबंध कशाकशाशी जुळतो हे शोधता, घरच्यांशी क्वचितच होणारा संपर्क, राहण्याजोगे न उरलेले घर आणि दलातील सोबत्यांपासून पडलेली ताटातूट ही कारणे पुढे आली. लक्षात घ्यावे की, ही तपासणी कामावर असलेल्यांची होती. जागा न सोडल्याची किंमत ही अशी द्यावी लागली.

परंतु आमच्या मनात याहूनही कठीण प्रश्न आहे. शिपायाने ठाणे सोडले हे दिसते, कारण ठाणे चार भिंतींचे असते. कर्तव्यच सोडले तर ते कसे दिसावे? ३१ ऑगस्टच्या संध्याकाळी, म्हणजे हजारो माणसे अजून छपरांवर व माळ्यांत अडकलेली असता, महापौरांनी सुमारे दीड हजार पोलिसांस बुडत्यांच्या सुटकेचे काम सोडून लुटारूंच्या बंदोबस्तास जाण्याचा हुकूम केला. दुकाने लुटली जात होती हे खरे. त्यांत चोर होते, आणि पाणी व पाव घेणारे भुकेलेही होते. त्याच दिवसांत सुपरडोम या क्रीडागृहात आसरा घेतलेल्या वीस हजारांहून अधिक लोकांविषयी खून, बलात्कार, लहान मुलांवर अत्याचार अशा भयंकर कंड्या उठल्या, आणि महापौर व पोलीसप्रमुख यांनी त्या जाहीरपणे बोलून दाखविल्या. पुढे तपास करता त्यांतील बहुतेक निराधार ठरल्या. पण तोवर भीतीने आपले काम केले होते. जे लोक वाचवावयाचे तेच लोक शत्रू वाटू लागले. माणसे पाण्यात असता दुकानाकडे पाठ फिरवू नका असे ज्याने सांगितले, त्याच्या नावापुढे गैरहजेरीची खूण कोणी केली नाही.

या भीतीचे फळ ४ सप्टेंबर रोजी डॅन्झिगर पुलावर दिसले. पोलिसांवर गोळीबार होत असल्याची खबर बिनतारीवरून ऐकून पोलिसांची एक तुकडी तेथे धावली आणि पुलावरून चालत जाणाऱ्या निःशस्त्र लोकांवर तिने गोळ्या झाडल्या. एक सतरा वर्षांचा मुलगा व एक चाळीस वर्षांचा मतिमंद मनुष्य असे दोघे ठार झाले. चौघे जबर जखमी झाले. मग खोटे पुरावे रचून प्रकरण दडपण्यात आले. आरोप ठेवले गेलेले हे पोलीस २००७ च्या आरंभी तुरुंगात हजर झाले तेव्हा समर्थकांनी जमून त्यांचा वीर म्हणून जयघोष केला; का, तर हे लोक पळाले नव्हते! पुढे राज्याच्या न्यायालयात आरोप रद्द झाले, २०११ साली केंद्राच्या न्यायालयात पोलीस दोषी ठरले, सरकारी वकिलांच्याच गैरवर्तनामुळे २०१३ साली तो निकाल रद्द झाला, आणि अखेर २०१६ साली गुन्हा कबूल करून पाच जणांनी शिक्षा पत्करल्या. गैरहजर असलेल्यांचा निकाल दोन महिन्यांत लागला. हजर राहून निरपराध्यांस मारणाऱ्यांच्या निकालास जवळजवळ अकरा वर्षे लागली. एका खात्याने एकाच आठवड्यातील दोन अपराधांस लावलेली ही दोन मापे आहेत. जागेवर उभे राहणे म्हणजेच कर्तव्य, अशी समजूत एकदा रूढ झाली म्हणजे जागेवर उभे राहून काय केले हे विचारणारा कृतघ्न ठरतो. आम्हांस हा कृतघ्नपणा पत्करतो.

त्याच पाण्यात दुसरे एक दल काम करीत होते. अमेरिकेच्या तटरक्षक दलाने त्या दिवसांत ३३ हजारांहून अधिक माणसांस वाचविले. या दलातील पुष्कळांची घरेही त्याच वादळात गेली होती. मग ही माणसे काही वेगळ्या मातीची होती काय? आमच्या मते तसे मुळीच नाही. वादळ येण्यापूर्वीच त्यांची विमाने व नौका मार्गाबाहेर हलविण्यात आल्या होत्या आणि न्यू ऑर्लिन्स विभागाची कचेरी आत अलेक्झांड्रिया गावी उभी राहिली होती. सैनिकी खात्यांत कुटुंबांस हलविण्याचा हुकूम देण्याची व त्याचा खर्च सोसण्याची रीत आहे. आणि हुकूम येण्याची वाट न पाहता जाग्यावरच्या अधिकाऱ्याने योग्य वाटेल ते करावे अशी मोकळीक या दलात पूर्वापार चालत आलेली आहे. म्हणून वारा पडताच ते परत फिरले. दोन दलांतील फरक धैर्याचा नव्हता. तो रविवारच्या आधी केलेल्या तयारीचा होता, आणि ती तयारी शिपायाच्या हातची नसते.

आता आमच्या घरचे पाहू. इंग्रजांनी १८६१ साली केलेल्या पोलीस कायद्यात, परवानगीवाचून काम सोडणाऱ्या शिपायास तीन महिन्यांचा पगार दंड किंवा तीन महिने कैद सांगितली आहे, आणि पोलीस सदैव कामावरच आहे असे समजावे असे म्हटले आहे. मुंबई राज्याच्या १९५१ च्या कायद्यात, ज्यास आज महाराष्ट्र पोलीस कायदा म्हणतात, हीच समजूत कायम राहिली. मुंबईचा पूर आणि कतरिना ज्या वर्षी झाली त्याच २००५ सालच्या डिसेंबरात आपत्ती व्यवस्थापन कायदा झाला. त्याच्या ५६ व्या कलमान्वये, ज्यावर या कायद्याने काम सोपविले तो अधिकारी वरिष्ठाच्या लेखी परवानगीवाचून अथवा अन्य कायदेशीर कारणावाचून काम सोडील किंवा नाकारील, तर त्यास एक वर्षापर्यंत कैद अथवा दंड व्हावा. कलम स्पष्ट आहे. आमची त्याविषयी तक्रार नाही. मात्र लेखी परवानगी मागावयाची तर कचेरी पाण्याबाहेर असली पाहिजे, हा विनोद कलम लिहिणारांच्या ध्यानी आला नसावा. आणि काम सोडणारास शिक्षा सांगणाऱ्या या कलमाच्या जोडीस, काम न सोडणाराच्या बायकामुलांस सरकारने आधी सुखरूप ठिकाणी न्यावे, असे सांगणारे कलम त्या मूळ कायद्यात शोधले तर सापडत नाही.

ही उणीव भरून काढणे खर्चाचे आहे असे म्हणणारे निघतील. त्यांस आम्ही विचारतो की, यास कोणता मोठा खर्च येतो? प्रत्येक पोलीस ठाण्यात, अग्निशामक केंद्रात, सरकारी रुग्णालयात व नगरपालिकेच्या पंपघरात तेथील माणसांच्या घरांची यादी असावी. कोणाचे घर पुराच्या रेषेत आहे, कोणाकडे अंथरुणाला खिळलेली आई आहे, कोणाची बायको बाळंतपणास आली आहे, हे तीत लिहिलेले असावे. ती यादी कंत्राटी मजुरांचीही असावी, कारण गटारात उतरणारा मनुष्य आज बहुधा कंत्राटदाराचा असतो आणि कोणत्याच दप्तरात त्याचे घर नसते. पोलीस दलात स्त्रियाही आहेत. आई रस्त्यावर आणि मूल वसाहतीत अशी स्थिती असता मूल कोणाच्या हाती द्यावयाचे हे पाणी चढल्यावर ठरविता येत नाही. उंचावरील एखादी शाळा या कुटुंबांसाठी आधीच मुक्रर करावी. आणि तेथे एक माणूस असा नेमावा की ज्याने दुसरे काही करू नये. प्रत्येक घरची खुशाली दर चार तासांनी ज्याच्या त्याच्या ठाण्यावर पोहोचवावी. टेक्सास सिटीच्या त्या पोलिसास जे योगायोगाने लाभले ते आमच्या शिपायास हुकुमाने मिळावे, एवढेच हे मागणे आहे.

२०१९ च्या ऑगस्टात कृष्णा आणि पंचगंगा यांनी सांगली व कोल्हापूर वेढले तेव्हा पूर हा केवळ कोकणाचा अथवा मुंबईचा विषय राहिला नाही, हे सर्वांस कळून चुकले. दर वर्षी पावसाळ्यापूर्वी जिल्हाधिकाऱ्यांच्या कचेरीत बैठक भरते, नावांची, दोरखंडांची, बोटींची व जीवरक्षक जाकिटांची मोजदाद होते आणि ती कागदावर उतरते. येत्या बैठकीत त्या कागदावर आणखी एक रकाना पाडावा आणि बोट चालविणाऱ्याची माणसे त्या दिवशी कोठे असतील, हे त्यात लिहावे, असे आमचे सर्व जिल्हाधिकाऱ्यांस सांगणे आहे.